ठिणगी किती अंश आधी

पेट्रोल किंवा सीएनजीच्या इंजिनात स्पार्क प्लगची ठिणगी नेमकी केव्हा पडते, याला इग्निशन टायमिंग म्हणतात. हा क्षण घड्याळावर मोजत नाहीत. क्रँकशाफ्ट किती फिरला त्यावरून तो अंशांत मोजतात. पिस्टन सिलिंडरमध्ये सर्वांत वर पोचतो ते टोक म्हणजे टीडीसी, आणि तोच शून्य अंश. ठिणगी त्याच्या 10 अंश आधी पडत असेल तर टायमिंग 10 अंश ॲडव्हान्स आहे. हा आकडा वाढवला की मिस्त्री म्हणतो ‘टायमिंग पुढे घेतले’, आणि कमी केला की ‘मागे घेतले’.

पिस्टन वर पोचण्याआधीच ठिणगी का पाडायची, असा प्रश्न पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पडतोच. कारण असे की, सिलिंडरमधले मिश्रण एका झटक्यात पेटत नाही. प्लगच्या टोकाशी ज्योतीचा लहानसा गोळा तयार होतो आणि तो भिंतींकडे पसरत जातो. सगळे मिश्रण जळायला काही मिलिसेकंद लागतात. 3000 आरपीएमवर क्रँक एका मिलिसेकंदात 18 अंश फिरतो, म्हणजे जळण पूर्ण होईपर्यंत तो चाळीस-पन्नास अंश पुढे गेलेला असतो. ठिणगी टीडीसीवरच पाडली तर दाब तयार होईपर्यंत पिस्टन खाली निघून गेलेला असतो. मग बरीचशी उष्णता कामी न येता सायलेन्सरवाटे बाहेर पडते.

सायकलवर चढ चढताना पॅडल अगदी वर असताना कितीही जोर दिला तरी चाक हलत नाही. पॅडल थोडे पुढे कलले की तोच जोर लागू पडतो. इंजिनातही तसेच आहे. बहुतेक इंजिनांत सिलिंडरमधला दाब टीडीसीनंतर साधारण 12 ते 16 अंशांवर शिखराला पोचला तर इंधनातून जास्तीत जास्त काम निघते. ही जागा फारशी बदलत नाही. मिश्रण किती वेगाने जळते ते मात्र वेग, लोड, इंधन आणि हवा यांप्रमाणे सारखे बदलते. म्हणून शिखर जागेवर ठेवण्यासाठी ठिणगीलाच पुढे-मागे सरकावे लागते. टायमिंग लावण्याची सारी विद्या या एका गोष्टीभोवती फिरते. तरीही ‘या गाडीचे टायमिंग इतके’ असा एकच आकडा सांगून विषय संपवण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. तो आकडा फक्त सुरुवातीचा असतो.

कोल्हापूर जिल्ह्यात हा विषय अनेक घरांच्या पोटापाण्याचा आहे. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत इथल्या फौंड्री आणि मशिन शॉपमधून इंजिनांचे भाग देशभर जातात. मेनन पिस्टन्स ही पिस्टन बनवणारी कंपनी कोल्हापूरचीच, आणि किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना कागलला आहे. उसाचे ट्रक, दुधाचे टेम्पो, भाजीचे छोटे हत्ती आणि कोकणात उतरणारी मालवाहतूक यांनी जिल्ह्याचे रस्ते भरलेले असतात. घाट चढणाऱ्या भरल्या गाडीचे टायमिंग चुकले तर नुकसान आधी डिझेलच्या किंवा गॅसच्या बिलात दिसते आणि मग पिस्टनवर.

जुन्या पिढीतल्या मिस्त्रींनी ही विद्या पेट्रोलच्या गाड्यांवर कमावली. टाटा-मर्सिडीजचे डिझेल ट्रक 1954 मध्ये जमशेदपूरहून बाहेर पडू लागले. त्याआधी आणि नंतरही काही वर्षे शेव्हरोले, फोर्ड, बेडफर्ड, डॉज अशा पेट्रोल ट्रकांचा भरणा मोठा होता. विलिस पद्धतीची जीप तर ग्रामीण महाराष्ट्रात कितीतरी वर्षे टिकली. या जीपच्या चार सिलिंडरच्या इंजिनाचे टायमिंग टीडीसीआधी 5 अंश, फायरिंग ऑर्डर 1-3-4-2 आणि ठिणगी पाडणाऱ्या सीबी पॉइंटचा गॅप 20 थाउ, म्हणजे अर्धा मिलिमीटर. हे तीन आकडे जीपच्या मिस्त्रीला पाठ असत.

तिचे टायमिंग लावण्याची पद्धत आजही समजून घेण्यासारखी आहे. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर अंगठा धरायचा आणि इंजिन हाताने फिरवायचे. अंगठा बाहेर ढकलला जाऊ लागला की पिस्टन कॉम्प्रेशनमध्ये वर येतो आहे. मग फ्लायव्हीलवरची इग्निशनची खूण खिडकीतल्या खुणेसमोर आणायची. डिस्ट्रिब्युटरला आपल्याकडे डेल्को म्हणतात. त्याचा क्लँप सैल करून पॉइंट उघडतो त्या नेमक्या जागी तो घट्ट करायचा. पॉइंटला छोटा बल्ब जोडला की पॉइंट उघडताक्षणी तो पेटतो, त्यामुळे डोळ्याला ती जागा पक्की कळते. डेल्को रोटरच्या फिरण्याच्या उलट दिशेने वळवला तर टायमिंग पुढे जाते, त्याच दिशेने वळवला तर मागे येते.

इथे क्रम महत्त्वाचा आहे. गॅप आधी आणि टायमिंग नंतर. पॉइंटची फायबरची टाच कॅमवर घासून झिजते, गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतो आणि टायमिंग आपोआप मागे सरकते. कोणी डेल्कोला हात न लावताही हे घडते. अशी गाडी चालते, पण पिकअप गेलेला असतो आणि इंजिन तापते. पॉइंट न पाहता नुसता डेल्को वळवून दिला तर पुढच्या काही हजार किलोमीटरांत तोच आजार परत येतो.

5 अंश हे टायमिंग गाडी उभी असतानाचे. वेग वाढला की डेल्कोच्या पोटातली दोन वजने केंद्राबाहेर फेकली जातात, कॅम पुढे सरकवतात आणि ॲडव्हान्स वाढवतात. पुढे बहुतेक कारच्या डेल्कोवर एक पडदाही आला. थ्रॉटल थोडा उघडा असताना मॅनिफोल्डमध्ये जो व्हॅक्युम असतो, तो हा पडदा ओढतो. हलक्या लोडवर सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ असते आणि हळू जळते, म्हणून तेव्हा ॲडव्हान्स आणखी लागतो. सपाट रस्त्यावर हलक्या थ्रॉटलने जाणाऱ्या गाडीत तो पस्तीस-चाळीस अंशांपर्यंतही जातो. घाटात थ्रॉटल पूर्ण दाबला की व्हॅक्युम पडतो, पडदा सुटतो आणि टायमिंग मागे येते. भरल्या सिलिंडरमधले दाट मिश्रण झपाट्याने जळते, तेव्हा हेच हवे असते. वजने गंजून अडकली किंवा पडदा फाटला की मूळ आकडा बरोबर असूनही गाडी रस्त्यावर चुकीच्या टायमिंगवर पळते. टायमिंग लाइट लावून नुसत्या आयडलला पाहणाऱ्याला हा दोष दिसत नाही. इंजिन रेस करून खूण सरकते का, हे पाहिल्यावरच तो सापडतो.

टायमिंग गरजेपेक्षा पुढे घेतले तर काय होते? पिस्टन अजून वर येत असतानाच दाब वाढू लागतो आणि इंजिन स्वतःशीच भांडते. पण खरा धोका वेगळा आहे. ज्योत पसरत असताना कोपऱ्यात उरलेले मिश्रण दाबले जाते, तापते, आणि ज्योत पोचण्याआधी एकदम स्वतःच पेटते. हे नॉकिंग. त्यातून निघालेल्या दाबाच्या लहरी सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात आणि डोक्यातून टिकटिक असा धातूचा आवाज येतो. ट्रकच्या साधारण 9 सेंटिमीटर बोअरच्या इंजिनात या कंपनांची गती सेकंदाला 6000च्या आसपास असते. आवाज हे फक्त लक्षण आहे. पिस्टनच्या माथ्यावर वायूचा एक पातळ, तुलनेने थंड थर असतो आणि तो ॲल्युमिनियमला आगीपासून वाचवतो. नॉकिंगच्या लहरी हा थर फाडतात. मग पिस्टनची कड खरवडल्यासारखी होते, रिंगांमधली जागा तडकते, हेड गॅस्केट उडते. अशा पिस्टनची कड पाहून जाणता मिस्त्री गाडी कशी चालवली गेली ते सांगतो.

टायमिंग मागे राहिले तर आवाज येत नाही, म्हणून लोक तो दोष मानत नाहीत. पण जळण उशिरा होते आणि उष्णता एक्झॉस्टमध्ये जाते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, मॅनिफोल्ड, टर्बो असेल तर टर्बो आणि नव्या गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर हे सगळे जास्त तापतात. ट्यूनिंगच्या कामात ‘नॉक होत नाही म्हणजे सुरक्षित’ हे वाक्य अर्धेच खरे आहे.

आता उसाच्या ट्रककडे. तो डिझेलचा असल्याने त्यात प्लगही नाही आणि ठिणगीही नाही. हवा दाबून इतकी तापवलेली असते की फवारलेले डिझेल आपण होऊन पेटते. इथे टायमिंग म्हणजे नोझलमधून फवारा सुटण्याची वेळ. किर्लोस्करचे एक सिलिंडरचे टीव्ही-1 इंजिन अनेक अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत वापरले जाते. बोअर 87.5 मिलिमीटर, स्ट्रोक 110 मिलिमीटर, 1500 आरपीएमला 5.2 किलोवॅट, आणि इंजेक्शन टायमिंग टीडीसीआधी 23 अंश. 1500 आरपीएमवर एक अंश म्हणजे सेकंदाचा नऊ हजारावा भाग. 23 अंशांत अडीच मिलिसेकंद मिळतात, आणि तेवढ्यात डिझेलला पाइपातून पोचायचे, बारीक थेंब व्हायचे, वाफ व्हायचे आणि पेटायचे असते.

अशा इंजिनात डिझेल ढकलणाऱ्या पंपाखाली पातळ शिम असतात. शिम काढली की प्लंजर लवकर उचलला जातो आणि टायमिंग पुढे जाते, वाढवली की मागे येते. ट्रकच्या मायको पंपावर हेच काम फ्लँजच्या लांबट भोकांत पंप थोडा वळवून करतात. पूर्वी डिलिव्हरी व्हॉल्व्ह काढून तिथे वाकडी नळी लावत आणि फ्लायव्हील हळूहळू फिरवत. नळीतून डिझेल यायचे थांबले की तिथे खूण पाहायची. या एका कामात हातखंडा असलेले पंपवाले जिल्ह्यात मानाने ओळखले जात.

डिझेलच्या टायमिंगबद्दल एक गैरसमज मात्र दूर व्हायला हवा. सीझनला ओढ वाढावी म्हणून ‘पंप वाढवतात’, तेव्हा डिझेलचे प्रमाण वाढवलेले असते. टायमिंग ही वेगळी गोष्ट आहे. प्रमाण वाढवून हवा तेवढीच ठेवली की काळा धूर येतो, आणि तो धूर टायमिंग पुढे घेऊन पूर्ण जात नाही. उलट डिझेल फार लवकर सोडले तर ते साठून एकदम पेटते, इंजिन ठोकते, बेअरिंग आणि गॅस्केटवर ताण येतो, नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. 1 एप्रिल 2020 पासून विकल्या जाणाऱ्या बीएस-6 ट्रकांत हा प्रश्न मिस्त्रीच्या पान्याबाहेर गेला. कॉमन रेलमध्ये हजार बारपेक्षा कितीतरी जास्त दाब असतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, एकाच फेऱ्यात आधी थोडे, मग मुख्य आणि कधी नंतरही थोडे डिझेल सोडतो.

ठिणगीचे टायमिंग आज मालवाहतुकीत परत आले ते सीएनजीमुळे. टाटा एससारख्या छोट्या हत्तीपासून मोठ्या ट्रकपर्यंत सीएनजी इंजिनांत प्लग असतो. मिथेनची ज्योत पेट्रोलपेक्षा हळू पसरते. म्हणून पेट्रोलच्या गाडीवर किट बसवले की टायमिंग साधारण 5 ते 10 अंश पुढे घ्यावे लागते. तसे घेताही येते, कारण मिथेनचा ऑक्टेन आकडा 120च्या वर आहे आणि तो सहजासहजी नॉक होत नाही. ज्या गाडीवर किट लागते पण टायमिंगला कोणी हात लावत नाही, ती गॅसवर सुस्त वाटते. तिचा मालक गॅसला दोष देतो. काही किटांसोबत टायमिंग पुढे घेणारा वेगळा प्रोसेसर येतो. तो गॅसवर असताना ॲडव्हान्स देतो आणि पेट्रोलवर येताच काढून घेतो. पेट्रोलवर तोच ॲडव्हान्स राहिला तर नॉकिंग ठरलेले, म्हणून दुहेरी इंधनाच्या गाडीत एकच तडजोडीचे टायमिंग लावणे हा चुकीचा मार्ग आहे.

पेट्रोलसुद्धा पूर्वीचे राहिलेले नाही. जिल्ह्यातले काही साखर कारखाने मळीपासून आणि उसाच्या रसापासून इथेनॉल बनवून तेल कंपन्यांना देतात. 20 टक्के इथेनॉल मिसळलेले ई-20 पेट्रोल 2023 मध्ये विक्रीला आले आणि 2025 पर्यंत देशभर पसरले. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा 108च्या आसपास आहे. त्यामुळे साध्या पेट्रोलचा 91 हा आकडा ई-20 मध्ये 95 पर्यंत जातो. शिवाय इथेनॉल वाफ होताना भरपूर उष्णता शोषते, त्यामुळे आत जाणारे मिश्रण थंड होते. दोन्ही गोष्टी नॉकिंगच्या विरोधात जातात, म्हणजे टायमिंग पुढे घ्यायला जागा मिळते. पण एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. ई-20 च्या लिटरमध्ये म्हणून साधारण 6-7 टक्के ऊर्जा कमी भरते. टायमिंग नीट लावून यातला काही भाग परत मिळवता येतो, सगळा नाही.

तोही प्रत्येक गाडीला मिळत नाही. जुन्या जीपचे कॉम्प्रेशन 6.5ला एक इतके कमी आहे की ती मुळात नॉकिंगच्या सीमेवर नसते. तिचे टायमिंग आधीच योग्य जागी असेल, तर ऑक्टेन 91 असो की 95, पुढे घेऊन काही हाती लागत नाही. तिला ई-20 वर खरी गरज असते ती कार्ब्युरेटरचा जेट तपासण्याची आणि रबरी नळ्या, गॅस्केट पाहण्याची. जास्त कॉम्प्रेशनच्या, नॉक सेन्सर असलेल्या नव्या इंजिनांना मात्र हा फायदा आपसूक मिळतो. ब्लॉकवर बसवलेला हा सेन्सर नॉकिंगची कंपने ओळखतो. ईसीयू त्या सिलिंडरचे टायमिंग लगेच काही अंश मागे घेतो आणि मग हळूहळू परत पुढे आणतो. केंद्राच्या आराखड्यानुसार एप्रिल 2025 पासूनच्या गाड्या ई-20 साठीच ट्यून केलेल्या असणे अपेक्षित आहे.

ईसीयूमध्ये वजने आणि पडदा यांच्या जागी एक तक्ता असतो. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला लोड, आणि प्रत्येक चौकोनात अंश. इंजिनात बदल केले, म्हणजे मोठे बोअर, वेगळा कॅम, टर्बो किंवा गॅसचे रूपांतर, की मूळ तक्ता जुळत नाही. तेव्हा तो नव्याने भरावा लागतो. हे काम डायनोवर होते. गाडीची चाके रोलरवर ठेवून रोलर रोखून धरतात आणि इंजिन एका आरपीएमवर, एका लोडवर स्थिर ठेवतात. त्याआधी प्लग, कॉम्प्रेशन, फिल्टर, कूलिंग आणि मिश्रणाचे प्रमाण ठीक आहे हे पाहिलेले असले पाहिजे. मिश्रण बिघडलेले असताना टायमिंग लावणे म्हणजे दुखणे एकीकडे आणि औषध दुसरीकडे.

मग ॲडव्हान्स दोन-दोन अंशांनी वाढवत टॉर्क वाचतात. समजा, 18 अंशांवर 96.5, 20 वर 98, 22 वर 99.2, 24 वर 99.8 आणि 26 वर 100 न्यूटन-मीटर मिळाले, आणि 28 वर आकडा परत खाली आला. शिखर 26 वर आहे. पण 26 ऐवजी 24 ठेवले तर हजारात दोनच भाग सुटतात, आणि नॉकिंगपासूनचे अंतर दोन अंशांनी वाढते. माथ्याजवळ हा आलेख असा सपाट असतो. म्हणून चांगला ट्यूनर शेवटच्या अंशासाठी हट्ट धरत नाही. टॉर्क वाढायचा थांबण्याआधीच नॉक ऐकू आले, तर तिथून दोन-तीन अंश मागे यायचे आणि तीच त्या चौकोनाची मर्यादा मानायची. भरल्या लोडचे, कमी आरपीएमचे चौकोन सर्वांत जपून भरायचे, कारण घाटात गाडी तिथेच असते.

डायनोवरची दुपार आणि घाटातली दुपार सारखी नसते, हेही तक्त्यात धरावे लागते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंच आहे. तिथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी कमी असतो, सिलिंडर थोडा कमी भरतो आणि नॉकिंगही कमी होते. हीच गाडी करूळ, फोंडा किंवा आंबा घाट उतरून कोकणात गेली की दाट हवा घेते. परतताना पायथ्याशी, एप्रिल-मेच्या उन्हात, भरला माल घेऊन चढायला लागते, आणि कोल्हापुरात गुळगुळीत वाटलेले टायमिंग तिथे टिकटिकू लागते. पावसाळ्यात गगनबावड्याच्या दमट हवेत उलट घडते. हवेतली वाफ जळण मंद करते आणि तेवढाच ॲडव्हान्स चालून जातो. इनटेकच्या हवेचे आणि पाण्याचे तापमान पाहून टायमिंग मागे घेणारे दुरुस्तीचे तक्ते म्हणूनच रिकामे सोडता कामा नयेत.

रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला कायद्याची चौकटही आहे. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला मनाने करता येत नाही. गॅस किट मान्यताप्राप्त असावे लागते आणि त्याची नोंद आरसी बुकात व्हावी लागते. बीएस-6 गाडीचा ईसीयू बदलून धूर वाढला तर पीयूसीत गाडी अडकते, वॉरंटीही जाते.

चालकासाठी सांगायचे ते एवढेच. घाटात भरल्या गाडीच्या डोक्यातून टिकटिक आली तर थ्रॉटल दाबून धरू नका. एक गिअर खाली घ्या, आरपीएम वर येऊ द्या. लोड हलका होताच आवाज थांबतो. तो रोजच येत असेल तर आधी इंधन, कूलिंग आणि प्लग तपासून घ्या, आणि त्यानंतरही राहिला तर टायमिंग दोन अंश मागे घ्यायला सांगा. त्या दोन अंशांनी ओढीत पडणारा फरक चालकाला सहसा जाणवतही नाही.